अमरावती ते अकोला, डब्यासकट

सकाळी आठला अकोल्याहून आत्याबाईंचा फोन. पाहुण्यांना आजचाच दिवस सोयीचा आहे, दुपारी साक्षगंध, निघा लगेच. असा निरोप आला की इतर घरांत आधी साड्या निघतात, आमच्याकडे तवा चढतो. लेकीला सिलिॲक आहे. गहू, रवा, मैदा, बार्ली यांतलं ग्लुटेन चिमूटभर पोटात गेलं तरी लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. यावर गोळी नाही. पथ्य, तेही जन्मभराचं.

ज्वारीच्या मुलखात हे पथ्य सोपंच, असं कुणालाही वाटेल. पण चक्कीवर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते. म्हणून आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही.

पीठ उकळत्या पाण्यात मुरवून भाकरी केली की संध्याकाळपर्यंत मऊ राहते. मात्र तव्यावरून उतरवली की आधी चाळणीवर निवू द्यायची. गरम भाकर डब्यात कोंबली तर वाफ धरते आणि तळची चिकट होते. निवेपर्यंत कोरडा झुणका परतला, ठेचा कुटला. पिशवीत ज्वारीच्या लाह्या, उकडलेली रताळी आणि मृग बहाराची संत्री गेली. फोडणीत हिंग नाही. बाजारचा बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. लेकीची ताटली, वाटी, चमचा वेगळ्या पिशवीत.

बडनेरा मागे टाकलं आणि गाडी राष्ट्रीय महामार्ग 53 ला लागली. याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता छान आहे, पण त्याच्या कडेला लेकीला खाता येईल असं शोधावं लागतं. चहाला थांबलो त्या धाब्यावर मालक आपुलकीनं म्हणाला, “ज्वारीची भाकर भेटते ना ताई, पोरीले देऊ?” मी आत डोकावले. पोळ्यांची कणीक ज्या परातीत मळलेली, तिच्यातच भाकरीचं पीठ होतं, आणि तवाही एकच. तर्री-पोह्यांवरच्या शेवेत काय आहे ते त्यालाही सांगता येईना. आम्ही चहा घेतला, लेकीनं लाह्या खाल्ल्या. “काहून वं, डॉक्टरनं बंद केलं का?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं बाकडं पुसून दिलं, एवढं पुष्कळ झालं.

दुतर्फा हरभरा, तूर, शेवटच्या वेचणीची कपाशी. ज्वारी अधूनमधूनच. सोयाबीन आल्यापासून तिची जागा आक्रसली.

मूर्तिजापूर आलं. याच तालुक्यात मामाच्या घरी डेबूजी वाढले, पुढे गाडगेबाबा झाले. खायला-प्यायला स्वतःचं गाडगं बाळगत, त्यावरूनच नाव पडलं. लेकीला तिच्या ताटलीची लाज वाटते. मी तिला हे सांगितलं. “त्यांना कुणी ‘एक घास खा’ असा आग्रह नसेल करत,” ती म्हणाली. खरं आहे. वऱ्हाडातला आग्रह काही वेळा गव्हापेक्षा जड जातो.

काटेपूर्णेचा पूल, बोरगाव मंजू, आणि जेवणाची पहिली पंगत बसायच्या आत अकोला. मांडवामागे आचाऱ्याला गाठलं. जिलबी, पुऱ्या, त्याच कढईत वडे. मी वरणाबद्दल विचारलं तर तो हसला, “वरणात कुठला आला गहू?” मी हिंगाची डबी मागितली. त्यानं मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली, पुन्हा वाचली. “बाप्पा! मैदा हाये याच्यात.” मग स्वतःहून दुसऱ्या पातेल्यातलं बिनफोडणीचं वरण आणि साधा भात कोऱ्या डावानं वेगळा काढून झाकून ठेवला.

पंगतीत आत्याबाईंनी आमचा डबा पाहिला. “ज्वारीची? ठेचाही? दे वं मलेही एक.” त्यांच्या मागोमाग दोन काका, एक व्याही. लेकीचा वाटा मी आधीच तिच्या ताटलीत काढून घेतला होता, म्हणून तिला मिळाला. बाकी चतकोरसुद्धा उरली नाही. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरच्या अलीकडेच तिला भूक लागली, आणि पिशवीत फक्त लाह्या होत्या. “पुढच्या वेळी पाहुण्यांच्याही भाकरी घे,” ती म्हणाली.