मागून आलेला कागद

एडविन चोताला मी पाहिलं ते फक्त छायाचित्रांत. अंगात कुश्मा म्हणजे पायघोळ झगा, डोक्यावर पिसांचा मुकुट. तरी तो गेल्याचं दुःख ओळखीच्या माणसाचं असावं तसं होतं.

पेरूच्या उकायाली प्रांतात, ब्राझीलच्या सीमेलगत, आल्तो तामाया नदीवर सावेतो हे अशानिंका आदिवासींचं गाव आहे. चोता तिथला पुढारी. भोवतीच्या रानात महोगनी, आणि महोगनीमागे चोर. चोरीची रीत ऐकली की संताप येतो. झाड पडतं सावेतोच्या रानात, परवाना मात्र दुसऱ्याच जंगलाचा. त्या परवान्याच्या यादीत कधी उगवलीच नाहीत अशी झाडं लिहायची आणि चोरलेला ओंडका त्यांच्या नावावर खपवायचा. पावसाळ्यात नदी फुगली की ओंडके खाली सोडतात. पुकाल्पा शहरातल्या लाकूडगिरणीत एकदा फळी निघाली, की ती कुठल्या रानातली हे कोण सांगणार? म्हणून चोता थेट तोडीच्या जागी जाई. फोटो काढी, अक्षांश-रेखांश टिपून घेई, तक्रारी करी. धमक्या आल्या, त्याही त्याने सरकारला कळवल्या. चोरांना अडवायचं तर जमीन गावाच्या नावावर हवी, म्हणून दहा वर्षांहून जास्त काळ त्याने अर्ज केले. पिढ्यान् पिढ्या राहूनही सातबारा नाही, ही व्यथा आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांना वेगळी सांगावी लागणार नाही.

1 सप्टेंबर 2014. चोता, होर्खे रिओस, लेओन्सिओ किन्तीसिमा आणि फ्रान्सिस्को पिनेदो सीमेपलीकडच्या भाईबंदांना भेटायला रानवाटेने निघाले होते. वाटेतच चौघांना गोळ्या घालून मारलं.

त्यांच्या बायका मनातून जात नाहीत. जवळपास पोलीस ठाणं नाही. नवऱ्याचा खून झाला एवढं सांगायला त्या होडीत बसल्या आणि कित्येक दिवस नदीतून पुकाल्पाला गेल्या. कुंकू पुसलेल्या बाईला निदान रडायला तरी उसंत मिळावी. या वाटभर साक्षीदार होत्या.

खुनाचा खटला रेंगाळला. आरोपींना 2023 मध्ये झालेली शिक्षा रद्द झाली, 2024 मध्ये पुन्हा सुनावली गेली.

जमिनीचा कागद मात्र 2015 मध्येच आला. सुमारे 80,000 हेक्टर, सावेतोच्या नावे. जमीन तीच होती, मागणीही तीच. ही सही आदल्या वर्षी का झाली नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.