संगणकातील वारा

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकातील चित्रे रेखाटणारा भाग; काम वाढले की तो तापतो. वैशाखात बडोद्याचा पारा ४० अंशांवर गेला म्हणजे आमच्या कार्डाचे चिमुकले पंखे असे किंचाळत की शेजारच्या खोलीत आजीला पोथी वाचवेना. दादाने ते उतरविले (हमीची मुदत संपली होती, म्हणून हे धाडस!), चिपवरील वाळलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावला आणि १२० मिलिमीटरांचे दोन पंखे बसविले. मोठा पंखा सावकाश फिरूनही तितकीच हवा लोटतो, आणि वेग उतरला की गोंगाट फारच झपाट्याने उतरतो. आजीला प्रथम यंत्र बंद पडले असेच वाटले! परंतु खोलीतील हवेपेक्षा चिप थंड करणे कोणत्याही पंख्यास अशक्य. म्हणून उन्हाळ्यात जड चित्रकाम दादा अजून रात्रीच करतो.