आधी गादी, मग माल

कापडाच्या पेढीवर गिऱ्हाईक आले की त्याला आधी गादीवर बसवावे, पाणी विचारावे, घरची खुशाली विचारावी आणि मग ठाण उलगडावे, ही रीत व्यापारी घरातील मुलाला शिकवावी लागत नाही. तिच्यात लबाडी नसते, आतिथ्य असते. परंतु द्वेषाचा माल खपविणाऱ्यांनीही ती किती बारकाईने उचलली आहे, हे अमेरिकेतील एका घराण्याच्या हकिगतीवरून दिसते.

डॉन ब्लॅक हे कु क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचे एकेकाळचे पुढारी. १९८१ साली कॅरिबियन समुद्रातील डोमिनिका या चिमुकल्या देशाची सत्ता बळकाविण्याच्या फसलेल्या कटात ते पकडले गेले. तुरुंगात त्यांनी संगणक शिकून घेतला आणि १९९५ मध्ये गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणारे ‘स्टॉर्मफ्रंट’ हे संकेतस्थळ काढले. त्यांचे अपत्य डेरेक यांनी वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तेथे खास मुलांसाठी एक पान तयार केले. पुढे याच संकेतस्थळावर शिवीगाळ व नाझी चिन्हे यांना मनाई झाली. मतपरिवर्तन मुळीच झाले नव्हते. शिवी ऐकून नवा माणूस उंबरठ्यावरूनच परत फिरतो, एवढाच हिशेब होता. शिवीच्या जागी गाऱ्हाणे आले. ‘ते हीन आहेत’ असे म्हणायचे नाही, ‘आपल्यावर अन्याय होतो आहे, आपण नामशेष होत चाललो आहोत’ असे म्हणायचे. पहिले वाक्य ऐकून सभ्य माणूस चपापतो. दुसऱ्यावर तोच मान डोलावतो, कारण स्वतःवर झालेला एखादा अन्याय प्रत्येकाला आठवत असतोच.

‘डेली स्टॉर्मर’ या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाच्या लेखकांसाठी केलेली नियमावली डिसेंबर २०१७ मध्ये वृत्तमाध्यमांतून उघडकीस आली. एखाद्या बँकेच्या परिपत्रकाला शोभेल अशी तिची शिस्त! प्रतिष्ठित वृत्तपत्रांतील लांब उतारे द्यावेत, म्हणजे त्यांची पत आपल्या मजकुराला लाभते. (दुसऱ्याच्या जामिनावर कर्ज उचलण्याचाच हा प्रकार.) दोष मात्र प्रत्येक वेळी ज्यूंच्याच माथी मारावा. आणि लेखन असे हलकेफुलके असावे की ही थट्टा आहे की खरे, हे नवख्याला उमगू नये. यांतील शेवटचा नियम सर्वांत घातक म्हटला पाहिजे. आक्षेप घेणाऱ्याला ‘साधा विनोद कळत नाही का?’ म्हणून गप्प करता येते, आणि हसणाऱ्याच्या कानाला ते शब्द हळूहळू सवयीचे होतात.

या सौम्य शब्दांचे मोल कोणीतरी चुकवतेच. फ्रेंच लेखक रेनो कामू यांनी २०११ साली ‘महाबदली’ अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग रूढ केला. मूळ रहिवाशांच्या जागी परके आणून बसविले जात आहेत, असा त्याचा आशय. कानाला तो एखाद्या सरकारी अहवालातील शब्दासारखा लागतो. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्याला हेच शीर्षक दिले होते.

डेरेक फ्लॉरिडातील एका महाविद्यालयात शिकत असताना त्यांची ही ओळख उघड झाली आणि बहुतेकांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. मॅथ्यू स्टीव्हन्सन या धर्मनिष्ठ ज्यू विद्यार्थ्याने मात्र त्यांना शुक्रवारच्या सब्बाथच्या जेवणाला बोलाविले. आरंभी त्या पंगतीत मतांचा विषयही कोणी काढला नाही. डेरेक पुनःपुन्हा जात राहिले. ज्यांच्याविषयी लहानपणापासून ऐकले होते, तीच माणसे समोर बसून पाव पुढे करीत होती. पुढे एका मैत्रिणीने आकडे आणि अभ्यास समोर ठेवून एकेक दावा चिकाटीने तपासायला लावला. २०१३ मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून त्या चळवळीशी संबंध तोडला.

पत्राची वार्ता कळताच डॉन ब्लॅक यांना प्रथम वाटले, की डेरेक यांचे ई-मेल खाते कोणीतरी चोरले असावे.