पहाटेची शाहूपुरी

आमच्या साताऱ्यातही एक शाहूपुरी आहे. त्यामुळे ‘शाहूपुरीत उतरलो होतो’ असे मी म्हटले, की शेजारी हसून म्हणतात, “म्हणजे घरीच होता की!” पण मी सांगतो आहे ती शाहूपुरी कोल्हापूरची. उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने गेली वीस वर्षे मी तेथे उतरत आलो आहे, आणि त्या पेठेची पहाट मला आता माझ्या गल्लीइतकी ओळखीची झाली आहे.

ही पेठ मुळात पाहुण्यांसाठी वसलेली नाही. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली आणि १८९५ साली राजर्षी शाहूमहाराजांनी व्यापारासाठी ही पेठ वसवली. गुळाच्या ढेपा, अडत्यांच्या बैठका, बैलगाड्या हे तिचे मूळचे वैभव. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले. मात्र स्टेशन जवळच राहिले, मध्यवर्ती बसस्थानकही जवळच झाले, आणि पेठेने मुकाट्याने धंदा बदलला. ढेपांच्या जागी माणसे आली. आज गल्लोगल्ली लॉज, खाणावळी, चहाच्या गाड्या आणि ‘जोतिबा-पन्हाळा-नरसोबाची वाडी’ अशा पाट्या लावलेल्या प्रवासी कंपन्यांच्या लहानशा कचेऱ्या दिसतात. कुंभार गल्लीत गणपती घडतात, आणि पलीकडच्या रस्त्यावर अंबाबाईच्या दर्शनाला आलेली मंडळी बॅगा घेऊन जागा शोधत असतात.

पहाटे चारला ही पेठ जागी होते. खरे म्हणजे झोपलेलीच नसते. मुंबई-पुण्याच्या रात्रीच्या गाड्या येऊन थांबतात. झोपाळू डोळ्यांचे प्रवासी उतरतात. रिक्षावाले, “लॉज पाहिजे का, पावणं?” म्हणून गाठतात. या गडबडीत आपण आपली पिशवी, आपली मुले आणि आपले पाकीट सांभाळत असतो. ज्याने आपल्याला रात्रभर आणले तो माणूस त्यानंतर कोठे जातो, हे पाहायला कोणाला सवड असते? मलाही नव्हती.

ती सवड मला २०१४ च्या दिवाळीच्या सुटीत सक्तीने मिळाली. आई, आमची सौभाग्यवती, दोन मुले, बहीण, मेव्हणे आणि त्यांची दोन मुले असे आम्ही नऊजण सहलीला निघालो होतो. कार्यक्रम आखण्याची हौस माझी. एका कागदावर मी सुबक अक्षरांत लिहून काढले होते: पहाटे पाचला अंबाबाई, साडेसहाला जोतिबा, नवाला पन्हाळा, तेथून आंबा घाटाने दुपारी दोनपर्यंत गणपतीपुळे, दर्शन, समुद्र, आणि रात्री अकराला परत शाहूपुरी. मेव्हण्यांनी कागद पाहून पाठ थोपटली. एका दिवसात तीन देव, एक किल्ला आणि समुद्र! शिवाय दुसऱ्या दिवसाचे गाडीभाडे वाचत होते.

गाडी पाचला दारात हजर होती. ड्रायव्हरमामा पन्नाशीचे, अंगावर खाकी सदरा, गळ्यात मफलर. डोळे लाल होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचून खिशात ठेवला आणि म्हणाले, “जाऊया की, सर. जरा च्या घेऊन निघू. गोव्यास्नं रात्री दीडला आलोय बगा.”

मी ते ऐकले. ऐकूनही त्यांच्यासाठी चहा मागवला आणि गाडीत बसलो. आपण पैसे भरले आहेत, आणि गाडी वेळेवर आली आहे. यापलीकडे त्या वाक्यात काही अर्थ आहे, असे मला वाटलेच नाही.

दिवस सुरेख गेला. मामा हसतमुख होते. पन्हाळ्यावर मुलांना तीन दरवाजा दाखवायला तेच पुढे गेले. गणपतीपुळ्याला आम्ही पाण्यात खेळलो, त्या वेळी ते मात्र गाडीपाशीच राहिले. थोडी झोप काढावी म्हणून सीटवर आडवे झाले, तोच आमच्या मुलांनी टॉवेल मागायला त्यांना उठवले.

परतीला अंधार पडला. घाट सुरू झाला तेव्हा सगळे पेंगत होते. आई मात्र गाडीत कधी झोपत नाही. एका वळणाच्या अलीकडे गाडी हळूच कडेच्या दगडांकडे जाऊ लागली. ब्रेकचा आवाज नाही, काही नाही. आईने पुढे वाकून मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “बाळ, थांब.”

गाडी थांबली. पुढे दगड होते, आणि दगडांच्या पुढे काही नव्हते.

घाट संपल्यावर एका बंद हॉटेलसमोर गाडी उभी करून मामा दोन तास झोपले. मेव्हणे घड्याळ पाहत राहिले. शाहूपुरीत पोहोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मला झोप लागेना. साडेचारच्या सुमारास गॅलरीत आलो, तर खाली मामा बादलीने गाडी धूत होते. पाचला नरसोबाच्या वाडीची मंडळी यायची होती.

वाचकहो, दोष कोणाचा हे शोधायला मी दूर जात नाही. गाडीवाल्या मालकाचा होताच. परंतु माझ्या सुबक अक्षरांतल्या त्या कागदावर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत, म्हणजे एका माणसाचे अठरा तास मांडलेले होते. संसदेने १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा केला, त्यात दिवसाचे काम साधारण आठ तासांचे आणि आठवड्याचे ४८ तासांचे ठरवले. पाच तास सलग काम झाले की निदान अर्ध्या तासाची विश्रांती, मधल्या सुट्या धरूनही दिवस बारा तासांपलीकडे जायचा नाही, आणि जेथे रात्रीचा मुक्काम तेथे विश्रांतीची खोली, असा तो कायदा. २०२० साली तेरा जुने कायदे एकत्र करून जी संहिता मंजूर झाली, तिच्यात तोही सामावला गेला. पण मूळ कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. शाहूपुरीतल्या दोन गाड्यांच्या मालकाकडे पाच माणसे कोठून असणार? आणि असली, तरी पहाटे पाचला लॉजच्या दारात कायदा पाहायला कोण येणार? तेथे फक्त मी होतो.

डुलकीचे गणित मी पुढे वाचले. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला, तर तेवढा रस्ता गाडी आंधळ्यासारखी कापते. रात्री दोन ते सहा आणि भरदुपारी शरीराला झोप अधिक ओढते. चहा तिला थोडा वेळ मागे ढकलतो, हाकलून देत नाही. झोपेवर उपाय झोप, दुसरा नाही.

आणि २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून कोल्हापूरला येणारी एक मिनीबस शिवाजी पुलावरून पंचगंगेत कोसळली. तेरा माणसे गेली. वाट तीच, वेळ जवळजवळ तीच, प्रवासीही आमच्यासारखीच पुण्याकडची घरगुती मंडळी. वर्तमानपत्र हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो. आईने विचारले, “काय रे?” मी पान उलटले.

त्यानंतर शाहूपुरीकडे पाहण्याची माझी नजर बदलली. लॉजमध्ये आपल्या चार बॅगा खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणारा पोरगा दिवसातून कितीदा चढतो, हे मी मोजू लागलो. न्हाणीघर धुणाऱ्या मावशी एकदा खोकून खोकून बेजार झालेल्या पाहिल्या. फरशी लवकर उजळावी म्हणून त्यांनी ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळली होती. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या प्रत्येक खोलीत शिरताना दार उघडे ठेवून उंबऱ्यात बादली अडवतात. का, असे सौभाग्यवतीने विचारले, तर म्हणाल्या, “बाई, सगळीच पावणी सारखी नसतात.” २०१३ च्या कायद्याने अशा बाईला तक्रार करायला दाद दिली आहे, दहाहून कमी माणसे कामाला असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. पण तिला ते ठाऊक तर हवे! तोवर बादली हीच तिची समिती.

पाहुण्यांच्या सुखावर जी पेठ जगते, तिने आपल्या माणसांच्या झोपेची, श्वासाची, अब्रूची काळजी घ्यावी, हे मालकांना सांगायलाच हवे. पण आपण गिऱ्हाइके आहोत, आणि गिऱ्हाइकाचा शब्द मालक लवकर ऐकतो. आता गाडी ठरवताना मी भाड्याच्या आधी दोन गोष्टी विचारतो: ड्रायव्हर आदल्या रात्री कोठून आला, आणि मुक्कामी त्याच्या खाटेची सोय काय. दोन-अडीचशे रुपये जास्त पडतात. एका दिवसात तीन देव होत नाहीत, दोन होतात.

आई आता नाही. गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा शाहूपुरीतून निघालो. पोरसवदा ड्रायव्हर होता. दारात गाडी लागली, तेव्हा मी विचारले, “बाळ, रात्री झोप झाली का?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग ओशाळून म्हणाला, “न्हाई सर. तीनला आलोय.”

मी लॉजच्या मॅनेजरकडून आमच्या खोलीची किल्ली परत घेतली आणि त्याला वर पाठवले. मुलांनी कुरकुर केली. आम्ही खाली बाकावर बसून दोनदोन कप चहा प्यालो, गल्लीतली वर्दळ पाहिली, स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकली. साडेआठला तो तोंड धुऊन, भांग पाडून खाली आला.

जोतिबाचा डोंगर तेव्हाही होता तेथेच होता.