ससा सांगत नाही, आपण ओळखायचे

कुत्रा भुंकून सांगतो, मांजर पायात घोटाळून सांगते, गाय हंबरते. ससा मात्र काहीच सांगत नाही. म्हणूनच तो घरी आणायला सर्वांत सोपा वाटतो आणि सांभाळायला अवघड ठरतो.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य उभे केले. तेव्हापासून त्या मुलखात स्थिरावलेली मराठी कुटुंबे तंजावर, कुंभकोणम भागात आजही आहेत. बाहेर तमिळ, घरात मराठी असा त्यांचा संसार. अशा घरातल्या मुलांना ससा दोन्ही भाषांत भेटतो. भित्र्या माणसाला मराठीत ‘सशाच्या काळजाचा’ म्हणतात. तमिळ म्हण वेगळी आहे. आपलेच म्हणणे रेटणाऱ्या माणसाबद्दल तिथे म्हणतात, ‘त्याने पकडलेल्या सशाला तीनच पाय!’ ससा पाळणाऱ्याने दोन्ही म्हणी लक्षात ठेवाव्यात. ससा भित्रा आहे हे विसरू नये आणि त्याच्याविषयीच्या ऐकीव समजुतींना चिकटून बसू नये.

ऊन हाच मोठा शत्रू

पाळीव सशाचे मूळ युरोपातले, स्पेन-पोर्तुगालकडचे. आपल्या शेतात दिसणारा रानससा वेगळा. तो वन्यप्राणी आहे, त्याला पकडून पाळणे कायद्याने गुन्हा आहे. पाळीव सशाला थंड हवा मानवते. तमिळनाडूत सशांवर संशोधन करणारे सरकारी केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरच्या थंड डोंगरात आहे. कुंभकोणम मात्र कावेरीच्या सपाट, दमट खोऱ्यात. तिथला मे महिना माणसालाही नकोसा होतो. सशाला तर आपल्यासारखा घामही येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः लांब कानांतून बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याचा जीव कासावीस होऊ लागतो.

म्हणून पिंजरा गच्चीवर किंवा पत्र्याखाली कधीही ठेवू नये. जुन्या घरातली सावलीची ओसरी किंवा फरशी असलेली गार खोली उत्तम. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली तर ससा तिला टेकून बसतो. जड मातीच्या भांड्यात ताजे पाणी चोवीस तास हवे. ‘सशाला पाणी लागत नाही, पाला पुरतो’ ही समजूत अगदी चुकीची आहे. वजनाच्या किलोमागे तो दिवसाला ५० ते १०० मिलिलिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त.

तोंड उघडून धापा टाकणे, कान लालबुंद व गरम होणे, अंग टाकून पडणे ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी त्याला सावलीत न्यावे, कान साध्या गार पाण्याने ओले करावेत आणि तडक पशुवैद्य गाठावा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये. एरवीही सशाला आंघोळ घालू नये. तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो आणि पाण्यात घातल्यास भयंकर घाबरतो.

गाजर नव्हे, गवत

चित्रातला ससा गाजर खातो, खऱ्या सशाला गवत लागते. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजतात आणि त्याच्या धाग्यांनी आतडी चालू राहतात. आहाराचा मोठा हिस्सा गवताचाच हवा, हिरवे असो वा वाळलेले. गणपतीला वाहतो त्या दूर्वा सशालाही आवडतात. फक्त फवारणी केलेल्या किंवा हळद-कुंकू पडलेल्या नसाव्यात. भातशेतीच्या मुलखात पेंढा मुबलक, पण त्यात पोषण कमी. तो अंथरायला चांगला, केवळ त्यावर ससा पोसला जात नाही. कोथिंबीर किंवा हादग्याचा पाला थोडा द्यावा. गाजरात साखर जास्त, म्हणून ते खाऊसारखे, एखादी चकती. भात, इडली, ब्रेड, बिस्किटे, चॉकलेट, कांदा, लसूण यांतले काहीही देऊ नये.

पहाटे ससा स्वतःचीच मऊ विष्ठा खाताना दिसला तर मुलांना किळस येते. त्याला हटकू नये. एकदा पचलेल्या चाऱ्यातले सत्त्व तो अशा रीतीने दुसऱ्यांदा घेतो. ती त्याची गरज आहे.

मौनामागचे कारण

रानात दुखणे दाखवणारा ससा आधी शिकार होतो. म्हणून दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे. ‘काल तर बरा होता’ असे ज्या सशाबद्दल म्हणतात, तो बहुधा कालही बरा नसतो! त्यामुळे रोज दोनच गोष्टी पाहाव्यात. खाल्ले का आणि लेंड्या टाकल्या का? दहा-बारा तास त्याने तोंड लावले नाही तर उद्याची वाट पाहू नये. त्याची आतडी थांबली असतील तर एका दिवसातही जीव जाऊ शकतो. कानात खपल्या धरल्या, डोके एका बाजूला कलले, तरीही पशुवैद्याकडेच जावे. कुत्र्याचे औषध सशाला परस्पर देणे घातक आहे. गोचीड-पिसवांवरचे फिप्रोनिल सशाच्या जिवावर बेतू शकते. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सल्ल्यासाठी असे ठिकाण आधीच माहीत करून ठेवावे.

आणखी एक समजूत म्हणजे कान धरून उचलण्याची. त्याने कान दुखावतातच, शिवाय लोंबकळताना ससा मागच्या पायांनी जोरात झटका देतो आणि त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली अशा आधाराने उचलावे. लहान मुलांनी उचलूच नये. जमिनीवर बसावे, ससा आपणहून जवळ येतो.

एक की दोन?

ससा एकटा कंटाळतो, पण नर-मादी ठेवली तर सुमारे ३१ दिवसांत पिले होतात आणि मादी व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. विकणाऱ्याने ‘दोन्ही माद्याच’ सांगितले तरी डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी आणि नसबंदीविषयी विचारावे. आईपासून तोडलेले अगदी लहान पिलू घेऊ नये, ते निदान सात-आठ आठवड्यांचे तरी असावे.

चांगली निगा राखली तर ससा आठ-दहा वर्षे जगतो. चौथीतल्या मुलाने हट्टाने आणलेला ससा तो कॉलेजात जाईपर्यंत घरात असतो. तेवढी वर्षे रोज गवत कोण आणणार, पिंजरा कोण झाडणार, सुटीत गावाला गेल्यावर त्याला कोण पाहणार, हे आधी घरात बसून ठरवावे. उत्तर मिळाले तर खुशाल आणावा. न मिळाले तर सशाचे चित्र भिंतीवर लावावे. त्यात त्याचेही भले आहे आणि आपलेही.