वहीतील चौथा रकाना

रत्नागिरीस प्रथमच येणारा पाहुणा घरी उतरला, की त्याला थिबा राजवाडा दाखवावयास न्यावे, हा आम्हां गावकऱ्यांचा जुना शिष्टाचार आहे. आम्ही उभयतांनीही तो आजवर कितीतरी वेळा पाळला आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले व १८८६ च्या एप्रिलात राणी आणि लहान मुलींसह येथे आणून ठेवले. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा तो राजवाडा पुरा व्हावयास १९१० साल उजाडले. तेथे राजाला जेमतेम सहा वर्षे लाभली. १९१६ च्या डिसेंबरात त्याचे येथेच निधन झाले. ही सारी माहिती आम्हांला तोंडपाठ आहे.

गतवर्षी नात्यातील एक वडीलधारे गृहस्थ आमच्याकडे आले होते. सारा जन्म हिशेबनिशीत गेलेला. राजवाड्याच्या दालनांतून फिरताना त्यांनी अकस्मात विचारले, "एवढ्या घराचा खर्च भागत कसा असे हो?" खरे म्हणजे तो भागत नसे. राजाला सरकारकडून तनखा मिळे. परंतु चाकरमाणसे, समारंभ, देणग्या आणि राजाला शोभेल असा इतमाम यांपुढे तो अपुरा पडे. बरोबर आणलेले जडजवाहीर एकेक करून विकले गेले, सावकारांचे देणे झाले आणि राजाच्या खर्चाविषयी सरकारी अधिकाऱ्यांच्या तक्रारी चालूच राहिल्या. पाहुण्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे राज्य गेले, पण राज्याचा खर्च मागे राहिला."

त्या वाक्यावर आम्ही हसलो. हसताना आपण कोणाला हसत आहोत, याची मात्र तेव्हा कल्पना नव्हती.

त्याच सुमारास आमच्या घरात सेवानिवृत्ती आली होती. हाती येणारी रक्कम निम्म्यावर आली, महिन्याचा खर्च मात्र तसूभरही हलला नाही. पहिले चार महिने शिल्लक मोडून काढले. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही उघडून आम्ही बसलो. तारीख, बाब आणि रक्कम असे तीन रकाने आखले. आम्हां दोघांपैकी ज्याचा गणितावर अधिक विश्वास त्याने लेखणी हाती घेतली. दुसऱ्याने आठवून आठवून बाबी सांगितल्या. तासाभरात काटकसरीची यादी सिद्ध झाली, आणि मोठे काम उरकल्याच्या समाधानात आम्ही चहा घेतला.

ती यादी आज सांगताना संकोच वाटतो. घरकामाला येणारी बाई दोन वेळा येत असे, ती एकच वेळ यावी आणि तिच्या पगारातून हजार रुपये कमी व्हावेत, हे पहिले कलम. आईच्या गुडघ्यांना तेल चोळावयास आठवड्यातून दोनदा एक बाई येत, त्यांना एकदाच बोलवावे, हे दुसरे. दारावर येणाऱ्या कोळणीकडून आठवड्याला एकदाच मासळी घ्यावी, हे तिसरे. चौथे कलम वहीत लिहिले नाही, पण अमलात मात्र आणले: रविवारी मिस्साच्या वेळी दानाच्या थैलीत टाकावयाच्या नोटेचा रंग बदलला.

आई काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी एवढेच म्हणाल्या, "गुडघे आता बरे आहेत, तिला बोलावलेच नाही तरी चालेल." त्या दिवशी पायऱ्या उतरताना कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, हे आम्ही दोघांनीही पाहिले आणि दोघांनीही न पाहिल्यासारखे केले.

घरकामाची बाई एकोणीस वर्षे आमच्याकडे येत आहे. तिला नवा बेत सांगितला तेव्हा तिने हातातील केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली आणि विचारले, "वहिनी, माझं काय चुकलं काय?" आम्ही सेवानिवृत्तीविषयी, महागाईविषयी पुष्कळ सांगितले. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली आणि न सांगता मागीलदारही झाडून गेली. हजार रुपये कमी करणाऱ्या घरात आपली उपयुक्तता सिद्ध करण्याचा तो प्रयत्न आम्हांला जेवताना आठवत राहिला.

त्या रात्री वही पुन्हा उघडली. आमच्या ध्यानात आले, की यादीतील प्रत्येक कलमाला चेहरा होता. दारात येऊन उभ्या राहणाऱ्या माणसांचाच खर्च आम्हांला दिसला होता. जो खर्च दारात येत नाही, जो बँकेच्या खात्यातून मुकाट्याने जातो, तो आमच्या आठवणीतच नव्हता. तेव्हा आम्ही वहीत चौथा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिले: 'कोणासाठी?' मग कपाटातील बिले, बँकेचे पासबुक आणि दोघांचे मोबाईल समोर ठेवून एकेक बाब नव्याने तपासली.

प्रथम विजेचे बिल. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या काळापासून, म्हणजे २००५ पूर्वीपासून, आम्ही बिलावरील फक्त शेवटची रक्कम वाचत आलो होतो. आता वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असे सारे वाचले. शंभर युनिटे ओलांडली की सर्वच युनिटांना चढा दर लागतो, असा आमचा कित्येक वर्षांचा समज होता. तो चुकीचा निघाला. पहिल्या शंभरांना पहिला दर, १०१ ते ३०० यांना त्याहून चढा, ३०१ ते ५०० यांना आणखी चढा, अशी ती पायऱ्यांची रचना आहे; वरच्या पायरीचा दर वरच्याच युनिटांना लागतो. याचा एक अर्थ असाही, की वापर कमी केला तर सर्वांत महागडी युनिटे आधी वाचतात.

मग ही महागडी युनिटे कोण खाते, याचा शोध सुरू झाला. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. जुना छताचा पंखा सुमारे पंचाहत्तर वॅटचा. दहा तास फिरला की पाऊण युनिट. नव्या पद्धतीचा पंखा तीस वॅटांच्या आसपास भागवितो. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासातच एक युनिट घेतो. विहिरीवरील एक अश्वशक्तीचा पंप म्हणजे ७४६ वॅट. टाकी भरून वाहू लागेपर्यंत तो चालू ठेवण्याची आमची सवय होती. परंतु खरा गुन्हेगार मागच्या खोलीत सापडला. आमच्या घरात कधीकाळी नऊ माणसे होती. त्या काळी नाताळच्या फराळासाठी आणि मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी दुसरा फ्रीज घेतला होता. तो अद्याप अहोरात्र चालू होता. उघडून पाहिला तेव्हा आत पाण्याच्या चार बाटल्या, आगळाची एक बाटली आणि बर्फाचा थर होता. चौथ्या रकान्यात काय लिहावे, हे दोघांनाही सुचेना. आता त्या घरात आम्ही तिघेच राहतो.

त्यानंतर दूरचित्रवाणी. २०१९ पासून ग्राहकाने आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडाव्यात आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत, अशी व्यवस्था देशभर आली. आमच्या निवडीत लहान मुलांच्या सात वाहिन्या होत्या. ज्या नातवंडांसाठी त्या घेतल्या, त्यांतील धाकटे आता दहावीला आहे आणि पुण्याला असते.

मोबाईलचे गणित तर गंमतीचे. अठ्ठावीस दिवसांची योजना आम्ही महिन्याचीच समजत होतो. अठ्ठावीस तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट; वर्षाचे महिने बारा, पण पैसे तेरा वेळा भरावे लागतात. प्रत्येक कंपनीने निदान एक योजना तीस दिवसांची ठेवावी, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीत सांगितले, ते आमच्या गावीही नव्हते. घरात पाच क्रमांक चालू होते. बोलणारी माणसे तीन. खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्यापूर्वी बँकेने चोवीस तास आधी तसे कळवावे, हा नियम कार्डावरील व्यवहारांना २०२१ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. ते संदेश आम्हांला नियमाने येत होते आणि आम्ही ते तितक्याच नियमाने न वाचता पुसून टाकीत होतो. त्यांत कधीच न उघडलेल्या एका इंग्रजी मासिकाची वर्गणी होती.

सर्वांत शेवटी आगोटीची बेगमी. आपल्या कोकणात ही काटकसरीची परंपराच. जून-जुलैत मासेमारी बंद, पावसाने वाटा बंद. म्हणून मे महिन्यात तांदूळ, कुळीथ, आमसुले, पापड, मसाला, सुकट, सोडे, सुके बोंबील भरून ठेवावयाचे. आमच्या सासूबाईंनी नऊ माणसांचे माप ठरवून दिले होते. माणसे गेली, पांगली, परंतु माप तेच राहिले. श्रावण सरता सरता अर्धी सुकट वास येऊ लागल्यामुळे टाकावी लागे आणि तांदळात पोरकिडे होत. काटकसरीच्या नावाने चाललेली ती उधळपट्टीच होती.

वही मिटताना पाहुण्यांचे ते वाक्य आठवले. थिबा राजाचे मंडालेचे सिंहासन गेले, तरी सिंहासनाचा खर्च रत्नागिरीत तीस वर्षे चालू राहिला. आमचे राज्य ते काय! नऊ पानांची एक पंगत. पण ती उठून गेल्यावरही आम्ही नऊ पाने मांडीत होतो, आणि जी तीन पाने खरोखर वाढायची, त्यांच्यातले वाढप मात्र कमी करीत होतो.

एका बाबीपाशी लेखणी अडली. पाच क्रमांकांपैकी एक आमच्या वडिलांचा होता. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. त्यांचा साधा फोन आई देवघराच्या फळीवर ठेवतात, दर शनिवारी चार्ज करतात. चौथ्या रकान्यात आम्ही काहीच न लिहिता तो बंद करावयाच्या यादीत घातला. आणि धीर करून आईंना सांगितले. भावनेचा प्रश्न निघेल, अशी आमची अपेक्षा होती. आईंनी साधा व्यवहार सांगितला. "त्यांच्या वेंगुर्ल्याच्या बहिणीला लिहिता-वाचता येत नाही. हा एकच नंबर तिला पाठ आहे. तो बंद केलात तर ती फोन कुठे करील?"

आत्या दर महिन्याला त्या क्रमांकावर फोन करतात आणि दोघी म्हाताऱ्या तासभर बोलतात, हे एकाच घरात राहून आम्हांला ठाऊक नव्हते. चौथ्या रकान्यात आम्ही लिहिले: 'आत्यांसाठी.' योजना तेवढी स्वस्तातली घेतली.

आता हिशेब सांगतो. दुसरा फ्रीज विकला, दोन पंखे बदलले, पंपाला वेळ ठरवून दिली. विजेचे सरासरी सहाशे रुपये वाचले. वाहिन्यांचे अडीचशे, एका निरुपयोगी क्रमांकाचे दोनशे, न वाचलेल्या मासिकाचे तीनशे. आगोटीचे माप तिघांचे केले, ते महिन्याकाठी साडेतीनशे पडले. एकूण सतराशे. यांतील एकाही रुपयासाठी कोणाला दारातून परत जावे लागले नाही. पहिल्या यादीत बाईच्या पगारातून आम्ही वाचविले होते एक हजार.

दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला तिला पूर्वीचा पगार दिला, आदल्या महिन्याची कापलेली रक्कमही दिली आणि संध्याकाळीही ये म्हणून सांगितले. "चूक आमची होती," असे म्हणावयाचे ठरविले होते. प्रत्यक्षात तोंडातून निघाले ते एवढेच, "हिशेब चुकला होता." तिने नोटा मोजल्या नाहीत, पदराच्या गाठीत बांधल्या आणि केरसुणी घेतली. मागीलदार आता झाडू नको, असे सांगितले तरी ती ते झाडतेच. त्याबद्दल काय करावे, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

तेल चोळणाऱ्या बाई पुन्हा आठवड्यातून दोनदा येतात. मासळी मात्र आम्ही एकदाच घेतो. तिघांना तेवढी पुरते, आणि कोळणीलाही ते पटले आहे. वही अजून चालू आहे. दर तीन महिन्यांनी एका रविवारी, मिस्साहून आल्यावर, आम्ही ती उघडून बसतो. आता आईही शेजारी येऊन बसतात आणि चौथा रकाना त्यांनाच आधी वाचून दाखवावा लागतो.