‘निवडणुकोत्तर’: एका शब्दाची मुदत

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेचा मसुदा तपासताना ‘निवडणुकोत्तर गाव’ हा प्रयोग मी लाल शाईने खोडला. समासात आक्षेप नोंदवला: ‘निवडणूक’ मराठी, ‘उत्तर’ संस्कृत, हा संकराचा संधी टाळावा. व्याकरणापलीकडचाही एक आक्षेप होता. तिने हा शब्द ग्रामपंचायतीच्या निकालानंतर चार वर्षे चाललेल्या अबोल्यासाठी योजला होता, आणि रूढ अर्थ तेवढा लांब जात नाही.

रूढ अर्थ वृत्तपत्रांनी घडवला आहे. १९९९ मध्ये परस्परांविरुद्ध लढलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस हे पक्ष निकालानंतर एकत्र आले. ‘निवडणुकोत्तर आघाडी’चे ते नमुनेदार उदाहरण होय. २०१९ मध्ये २४ ऑक्टोबरच्या निकालापासून २८ नोव्हेंबरच्या शपथविधीपर्यंतचा काळही याच शब्दाने ओळखता येतो. शपथविधी झाला की शब्दाची मुदत संपते. म्हणजे ‘निवडणुकोत्तर’ हा काळ मतदारांचा नसून निवडून आलेल्यांचा आहे.

आपल्या समीक्षेतील ‘उत्तर’ असे आखूड नाही. ‘स्वातंत्र्योत्तर’ म्हणताना आपण काळाची एकच कड निश्चित करतो, दुसरी मोकळी ठेवतो. ‘साठोत्तरी’ नेमके कधी संपले, याविषयी एकमत होणे कठीण. तेथे ‘उत्तर’ म्हणजे केवळ ‘नंतर’ नव्हे. आधीच्या घटनेचे जे परिणाम अद्याप भोगून संपलेले नाहीत, त्यांचा तो काळ. मग निवडणुकीच्याच वाट्याला पाच-पंचवीस दिवसांचे ‘उत्तर’ का यावे?

विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग त्या चार वर्षांना काय म्हणायचं?”

मी ‘निवडणुकीनंतरचा काळ’ असे सुचवले. ते शुद्ध होते, पण पोकळ होते. ज्या गावात पराभूत पॅनेलच्या वस्तीवरचा रस्ता अर्धवट राहतो, लग्नपत्रिका निवडक घरीच जातात, तेथे निवडणूक सरलेली नसते. ती वेगळ्या रूपाने चालूच असते. ‘नंतर’ हा शब्द दोन्हींत अंतर पाडतो. ‘उत्तर’ त्यांना जोडतो, आणि त्याच्या पोटात जबाबाची अपेक्षाही आहे.

संधीविषयीचा माझा आक्षेप अजून कायम आहे. खोडलेला शब्द मात्र मी पुन्हा कायम केला. संकर दिसत होता. पण त्या गावाचे वर्णन करणारा दुसरा शब्द माझ्यापाशी नव्हता.